आधी पाय, मग मोजे

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत शिरलात तर आधी साबणाचा आणि कोमट पाण्याचा वास येतो, मग चार म्हाताऱ्या माणसांची कुरकुर ऐकू येते, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर, मोजेआत्या दिसते. ती बुटक्या स्टुलावर बसलेली असते. मांडीवर जाड टॉवेल, टॉवेलवर कुणाचा तरी पाय आणि हातात पकडीएवढं मोठं नेलकटर. "हलू नका हो, बोट जाईल!" हे ती प्रत्येकाला बजावते. बजावल्याशिवाय तिचा हातच चालत नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीत येणाऱ्यांपैकी एकाचंच बोट गेलं, आणि तेही नेलकटरने नव्हे. त्याचीच ही गोष्ट.

हे नखं कापण्याचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं एका रविवारी. पाळकसाहेबांनी उपदेश केला होता प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्यावर. उपदेश चांगलाच रंगला. पुढच्या बाकांवर रुमाल निघाले. बाहेर पडताना आत्याने पाळकसाहेबांना दारातच गाठलं आणि विचारलं, "पाय धुतले ते झालं. पण नखं कुणी कापली?"

पाळकसाहेब हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे.

"हसू नका. वाकता येत नाही अशी निदान आठ-दहा माणसं आपल्याच मंडळीत आहेत. नखं बुटाबाहेर यायची तेवढी बाकी आहेत. मागची खोली शनिवारी रिकामी असते. किल्ली द्या."

किल्ली मिळाली. आधी मंडळीतली म्हातारी माणसं आली, मग त्यांचे शेजारी, मग दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारे. कोण कुठल्या देवाला मानतो हे आत्याने कधी विचारलं नाही. पाय टॉवेलवर आला की ती एकच प्रश्न विचारायची, "कुठं दुखतं?" आणि माणसं सांगायची. पायाचं सांगता सांगता सुनेचं सांगायची, मेलेल्या भावाचं सांगायची. आत्या "हं, हं" करत नखं कापायची.

घरी वहिनीला हे सगळं पसंत होतं असं नाही. आत्याने लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात शिरली की वहिनी ओट्यापाशी पहाऱ्याला उभी. "वन्सं, हात धुतलेत?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा धुवा. मग कणकेला हात लावा." आणि वर पुटपुटायची, "लोकांच्या आत्या भाचरांना गोष्टी सांगतात, आमच्या वन्सं नखं गोळा करतात." पण दर शनिवारी धुतलेले टॉवेल घडी करून दाराशी ठेवायचं काम वहिनीचंच होतं, आणि त्यात कधी चूक झाली नाही.

मोजेआत्या हे नाव कारखान्यातलं. उभी हयात तिने मोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर घालवली. गुळगुळीत लाकडी पायावर मोजा चढवायचा, दिव्यासमोर फिरवायचा, सुटलेला टाका किंवा वाकडी शिवण दिसली की टोपलीत टाकायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, टोपलीतले मोजे द्या. त्यांनी पोतीच्या पोती पाठवली. संध्याकाळी दिव्याखाली बसून ती सुटे टाके उचलायची, मापाला माप आणि रंगाला त्यातल्या त्यात रंग लावून जोड्या जमवायची आणि जोडी सुटू नये म्हणून एक टाचणी टोचायची. शनिवारी नखं झाली की टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचायची आणि मोजे स्वतःच्या हाताने त्या माणसाच्या पायात चढवायची.

तिचा नियम होता, आधी पाय, मग मोजे. कुणी म्हणालं, "आत्या, माझ्या नवऱ्यासाठी एक जोडी द्या," तर ती द्यायची नाही. "नवऱ्याला पाठवा. पाय बघितल्याशिवाय मोजा नाही." जखम असली, भेग असली, तर वर मोजा चढवून झाकून टाकणं तिला पाप वाटायचं. या बाबतीत ती भलती कडक होती, आणि कडक माणसं एकदा चुकली की कशी चुकतात ते पुढे येईलच.

आता तिचे स्वतःचे पाय. ते कित्येक वर्षांत कुणी पाहिलेले नव्हते. लहानपणच्या एका तापात डावा पाय वाढायचा थांबला. लंगडत नव्हती, पण डावं पाऊल उजव्यापेक्षा चांगलं दोन मापांनी लहान आणि बोटं एकमेकांवर चढलेली. तरुणपणी एक स्थळ अगदी जमत आलं होतं. मुलाची आई घरी आली, गप्पा झाल्या, चहा झाला, आणि आत स्वयंपाकघरात जाताना आत्याने बूट-मोजे काढले तेव्हा त्या बाईंची नजर खाली गेली. चहा छान होता म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर आत्याने घरातसुद्धा मोजे काढले नाहीत. कारखान्याची सवय म्हणायची. तयार बुटांचा जोड घ्यायचा, डाव्यात पुढे कापूस कोंबायचा, वर दोन मापांचे दोन मोजे. जोड नसलेले मोजे चपखल बसतील अशी त्या गावात ती एकटीच होती, आणि हे गुपित तिने प्रभूपाशीसुद्धा कधी काढलं नव्हतं. एरवी ती त्याच्याशी कारखान्यातल्या मोठ्या साहेबांशी बोलावं तशी बोलायची, मान राखून पण एकही तक्रार न गाळता. या एका विषयावर मात्र दोघांमध्ये अळीमिळी होती.

चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बूटमास्तर बसायचे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. एके काळी माप घेऊन बूट शिवावेत तर त्यांनीच. अर्ध्या गावाच्या पायांचे लाकडी साचे त्यांच्या फळ्यांवर होते. बायको गेल्यावर त्यांनी दुकान विकलं, मागची खोली तेवढी ठेवली. त्यांना साखरेचा आजार होता, आणि तो पायांवर उतरतो हे आत्याला माहीत होतं. कारखान्यातल्या दोघांचे पाय तिच्या डोळ्यांदेखत काळे पडले होते. म्हणून तिने मास्तरांना बोलावलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"आत्याबाई," मास्तर म्हणाले, "जन्मभर मी लोकांच्या पायाशी बसलो. माझ्या पायाशी कुणी बसायचं नाही. शोभत नाही."

"शोभेला कोण बसतंय? नखं कापायची आहेत."

"माझी मी कापतो." आणि ते उठून गेले. चालताना डावं पाऊल सपाट टाकत होते, पाट्यासारखं. आत्याने ते पाहिलं. पायाला जमीन कळेनाशी झाली की पाऊल असंच पडतं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. एका रविवारी मास्तर पातळ, विटके मोजे घालून आले, टाचेकडे भोक पडलेलं. आत्याला राहवलं नाही. घरी जाऊन तिने पोत्यातली सगळ्यात चांगली लोकरी जोडी काढली, नजरेच्या मापाने. ती जाडीभरडी राखाडी जोडी तिने पाळकसाहेबांच्या हाती दिली. "तुम्ही मास्तरांकडे जाता ना? द्या. माझं नाव सांगू नका, नाहीतर घ्यायचे नाहीत."

झालं. इतक्या वर्षांचा नियम मोडला तो असा, मायेपोटी.

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी ती एका म्हाताऱ्या हमालाची नखं कापत होती. एक पाय झाला, जखम-भेग काही नव्हती, मोजाही लगेच चढवावा म्हणून तिने जोडी उचलली. टाचणी काढली. मनगटावरच्या उशीत खोचली. आणि हात तिथेच थांबला.

मास्तरांच्या मोज्यातली टाचणी कुणी काढली?

ती उठली तशी टॉवेल खाली पडला. पाळकसाहेब बाहेर बाकं पुसत होते. "साहेब, मास्तरांना मोजे देताना टाचणी काढलीत?"

"कसली टाचणी?" पाळकसाहेब म्हणाले. मग तिला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाले, "फार आवडले हो त्यांना. रोज तेच घालतात."

आत्या तशीच निघाली. मागून हमाल ओरडत होता, "अहो आत्या! माझा एक पाय राहिला!"

मास्तरांचं दार उघडंच होतं. भर दुपारी खोलीत अंधुक उजेड, चामड्याचा आणि सरसाचा जुना वास, भिंतीवर ओळीने लाकडी साचे. मास्तर खिडकीपाशी बसले होते, पायात तेच राखाडी मोजे.

"मास्तर, मोजे काढा."

"दिलेलं परत मागायला आलात? नाव सांगितलं नसलं तरी शिवण ओळखतो मी."

"त्यात टाचणी राहिलीय. ओढलं की जोडी सुटते, टाचणी एकात अडकून राहते. माझी चूक. काढा लवकर."

मास्तर हसले. "दोन आठवडे घालतोय. टाचणी असती तर टोचली नसती?"

"टोचायला पाय जागा असावा लागतो, मास्तर."

ते हसायचे थांबले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "एक गिऱ्हाईक होतं माझं. याच आजाराने पाय गेला त्याचा. आला आणि म्हणाला, मास्तर, एकच बूट शिवा. शिवला मी. तसा बूट परत शिवायची माझी छाती नाही, आणि घालायची तर मुळीच नाही. बायको होती तोवर ती रोज पाय बघायची. ती गेल्यापासून कुणी बघितला नाही. मीही नाही. अंधारातच धुतो."

"म्हणूनच म्हणते..."

"थांबा." मास्तरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "आणि तुम्ही हो? डाव्या बुटात कापूस कधीपासून भरताय?"

आत्याला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"दर रविवारी माझ्या बाकाजवळून जाता. उजवा बूट बोलतो, डावा पुटपुटतो. मी काय बहिरा आहे? सगळ्या गावाचे पाय मांडीवर घेता. तुमचा कुणी बघितला?"

"मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नाही."

हट्टाला पेटलेली दोन म्हातारी माणसं, आणि मधे एक टाचणी.

"तुम्ही दाखवा," शेवटी मास्तर म्हणाले, "मग मी दाखवतो. नाहीतर जा तुम्ही."

आत्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. तिला पेत्राची आठवण झाली. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असं प्रभूला ठणकावणारा पेत्र. तो भाग वाचला की तिला नेहमी त्याचा राग यायचा. कशाला एवढे आढेवेढे? धुताहेत तर धुऊ द्यावेत. आज कळलं, का ते. पाय धुणारा वर दिसतो आणि पाय पुढे करणारा उघडा पडतो. लोकांपुढे गुडघे टेकणं तिला कधी जड गेलं नव्हतं. स्टुलावर बसलेल्या बाईच्या पायांकडे कोण बघतो?

'प्रभू,' ती मनात म्हणाली, 'मी तुझ्याकडून बादली आणि टॉवेल घेतला होता. हे नव्हतं ठरलं.' वरचे मोठे साहेब नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. समोर मास्तरांचा पाय होता, राखाडी मोज्यात, आणि आत कुठे काय चाललं होतं देव जाणे. जास्त विचार करायला वेळच नव्हता. तिने वाकून नाडी सोडली. बूट काढला. कापसाचा बोळा बाहेर पडला. मग मोजा काढला आणि मान भिंतीकडे फिरवली.

मास्तर आपलं जुनं बुटकं स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. तिचं डावं पाऊल त्यांनी तळहातावर घेतलं. नवलाचं तोंड केलं नाही, च्च च्च केलं नाही. अंगठा टाचेपासून पुढे फिरवला, चढलेली बोटं एकेक करून अलगद सुटी केली. जन्मभर जे केलं तेच, माप घेत होते. मग त्यांनी वर पाहून विचारलं, "कुठं दुखतं, पोरी?"

हा प्रश्न तिने शेकडो लोकांना विचारला होता. तिला कुणी विचारला नव्हता. आईने विचारला असेल, त्या तापात, पण ते आठवत नव्हतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. चौसष्ट वर्षांची बाई, पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मास्तर पाऊल हातात धरून बसून राहिले. त्यांनी उगी उगी म्हटलं नाही.

"इथे," शेवटी ती म्हणाली. "आणि इथे, बोटं चढतात तिथे. आणि बुटात... बुटात सगळीकडेच."

"दुखणारच. बूट चुकीचा आहे. पाय चुकीचा नाही."

आत्याने पदराने नाक पुसलं. "आता तुमचा."

मास्तरांनी पाय पुढे केला. मोजा तळव्याला चिकटला होता. ओढण्यासारखा नव्हता. आत्याने पाणी कोमट केलं, त्यात पाय तसाच मोज्यासकट सोडला आणि एकेक धागा सैल करत मोजा काढला. टाचणी तिथेच होती, करंगळीच्या मुळाशी, डोक्यापर्यंत रुतलेली. भोवती सूज, आणि करंगळीचा रंग बरा नव्हता. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी टाचणी आहे," आत्या म्हणाली. "माझ्या हातची आहे, मास्तर. मला माफ करा. मी पाय न बघता मोजे दिले."

"दुखलंच नाही, त्याची माफी कसली?" मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाले, "पाय राहील ना गं?"

"माहीत नाही. पण आता झाकायचा नाही. चला." तिने स्वच्छ टॉवेल पावलाभोवती गुंडाळला, बाहेर जाऊन रिक्षा थांबवली, आणि मास्तरांना खांद्याचा आधार देऊन घेऊन निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या डाव्या पायात मोजाही नव्हता आणि बूटही नव्हता. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातून ती तशीच चालली, लोकांच्या देखत, एक पाय उघडा. कुणीही बघितलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांना आपापली दुखणी होती.

करंगळी गेली. पाय राहिला. डॉक्टरांनी हे दोन्ही एकाच दमात सांगितलं, आणि आत्याने खाटेशेजारी उभं राहून मास्तरांचा हात असा घट्ट धरला की ते म्हणाले, "आता हातही कापायला लावशील."

मास्तर घरी आल्यावर रोज सकाळी त्यांचा पाय बघायला कुणीतरी जायचं. पाळी आत्याने लावून दिली होती. एक दिवस खुद्द पाळकसाहेबांचा होता. त्यांनी पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या खेपेला लावला नाही. वहिनीचाही एक दिवस होता. ती जाताना म्हणायची, "मी काही पायांना हात लावणार नाही, सांगून ठेवते," आणि येताना हात धूत यायची.

जखम भरली तेव्हा मास्तर काठी टेकत शनिवारच्या खोलीत आले. खुर्चीवर बसले, आपण होऊन पाय टॉवेलवर ठेवला. आत्याने नेलकटर उचललं आणि सवयीने बोलून गेली, "हलू नका हो, बोट जाईल!"

खोली एकदम चिडीचूप झाली. आत्याने नेलकटर खाली ठेवलं.

"गेलं की," मास्तर म्हणाले. "आता बिनघोर काप."

हमालाने पहिल्यांदा हसायला सुरुवात केली. मग सगळी खोली हसली, आणि आत्या हसता हसता डोळे पुसत राहिली. त्या दिवशी सगळे गेल्यावर मास्तर उठले नाहीत. त्यांनी बादलीतलं पाणी बदलायला सांगितलं, स्वतः बुटक्या स्टुलावर बसले, आणि मांडीवर टॉवेल टाकून म्हणाले, "ये." आत्याने किल्ली घ्यायला आलेल्या पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब बाहेर जायला निघाले होते.

"जाऊ नका," आत्या म्हणाली. "बसा. काही लपवण्यासारखं नाही." आणि ती खुर्चीवर बसली.

मास्तरांनी नखं वाईट कापली. हात कापत होते त्यांचे. पण नंतर त्यांनी एक जाड कागद जमिनीवर ठेवला, तिचं डावं पाऊल त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, मग दुसऱ्या कागदावर उजवं. साच्यांच्या फळीवर एक जागा किती दिवस रिकामी होती, म्हणाले. साचे कोरायला आणि बूट शिवायला त्यांना पावसाळा उजाडला. दिवसाला चार टाके व्हायचे, कधी तेवढेही नाही.

ते बूट घालून ती एका रविवारी उपासनेला आली. एक लहान, एक मोठा, दोन्ही काळे, आणि आत कापूस नव्हता. उशीर झाला होता. पहिलं गीत संपून मंडळी प्रार्थनेला बसली होती आणि चर्च शांत होतं. ती दारातून आत आली, शेवटच्या बाकाजवळून पुढे निघाली. फरशीवर पावलं वाजत गेली, उजवं तसंच डावं. मास्तरांनी मान वर केली नाही. डोळे मिटून ते ऐकत राहिले, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आधीच मोठ्याने आमेन म्हणाले.